विमानानंतरची आगगाडी : स्वस्त तिकिटाचा इतिहास

परमुलखात विमानातून उतरलेल्या उतारूचा प्रवास विमानतळावर क्वचितच संपतो. विमानतळ बहुधा शहराबाहेर असतो आणि ज्या विद्यापीठाच्या किंवा आप्तांच्या गावी जावयाचे ते तेथून आणखी शंभर-दीडशे मैलांवर असते. हजारो मैलांचे विमानभाडे या उतारूने घरी बसून, कित्येक आठवडे आधी, चुकते केलेले असते. परंतु उरलेल्या शंभर मैलांसाठी तो स्टेशनातील तिकिटाच्या यंत्रापुढे उभा राहिला म्हणजे त्याला एक नवल दिसते. एकाच गावाला, एकाच वर्गाने, एकाच दिवशी जावयाचे तरी दर तीन-चार निरनिराळे. आणि त्यांतील जो सर्वांत स्वस्त, तो नेमका त्या घटकेला मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या घरांतून शिक्षणासाठी विलायतेस जाणाऱ्या मुलामुलींना हा अनुभव आज नवा नाही. सामानाच्या दोन पेट्या, रात्रीचे जागरण आणि हिशेबाने बांधून दिलेले पैसे अशा स्थितीत पहिल्याच दिवशी हा प्रश्न उभा राहतो. हा घोटाळा एखाद्या यंत्राच्या लहरीतून निर्माण झालेला नसून त्यामागे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आणि तो ज्या देशात सुरू झाला, त्या इंग्लंडातच तो पाहणे इष्ट होय.

इंग्लंडातील पहिल्या आगगाड्या गरिबांसाठी नव्हत्या. कंपन्यांचे लक्ष माल व सधन उतारू यांवर असे. गरीब मनुष्यास न्यावयाचेच झाले तर त्याला मालगाडीस जोडलेल्या, वर छप्पर नसलेल्या डब्यातून नेत. २४ डिसेंबर १८४१ रोजी पहाटे, रेडिंग शहराजवळ सॉनिंग येथील खोल खोदाईत, पावसाने कोसळलेल्या दरडीवर अशी एक गाडी आदळली. इंजिनामागेच असलेल्या उघड्या डब्यांतील माणसे मागून येणाऱ्या मालाच्या डब्यांखाली चिरडली गेली आणि नऊ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत बांधकामावरून नाताळासाठी घरी परतणारे कारागीर होते. या अपघाताने उघड्या डब्यांचा प्रश्न राष्ट्राच्या डोळ्यांसमोर आणला.

तीन वर्षांनी, म्हणजे १८४४ साली, विल्यम ग्लॅडस्टन हे व्यापार मंडळाचे अध्यक्ष असताना पार्लमेंटने रेल्वेसंबंधी एक कायदा केला. स्वस्त तिकिटाच्या इतिहासाचे पहिले पान हेच. या कायद्याने नव्या कंपन्यांवर असे बंधन घातले की, प्रत्येक मार्गावर दररोज दोन्ही दिशांना निदान एक गाडी अशी सोडावी, जी प्रत्येक स्टेशनावर थांबेल, थांबे धरून ताशी १२ मैलांपेक्षा कमी वेगाने जाणार नाही, जिच्या डब्यांत बसावयास बाके व डोक्यावर छप्पर असेल, आणि जिचे भाडे मैलास एक पेनीपेक्षा अधिक असणार नाही. उतारूस ५६ पौंड वजनाचे सामान बरोबर फुकट नेता येई. तीन वर्षांखालील मुलास तिकीट नव्हते आणि बारा वर्षांखालील मुलास अर्धे होते. लोक या गाड्यांना 'पार्लमेंटरी गाड्या' म्हणू लागले.

येथे श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मैलास पेनी हा दर आज वाटतो तितका स्वस्त नव्हता. शंभर मैलांना शंभर पेन्स, म्हणजे आठ शिलिंग चार पेन्स पडत. आणि त्या काळी शेतावर राबणाऱ्या इंग्रज मजुराची आठवड्याची मजुरी आठ-दहा शिलिंगांच्या आसपास असे. एका बाजूने शंभर मैल जाण्यास आठवड्याची कमाई खर्ची पडे. तेव्हा या कायद्याचे महत्त्व दराच्या लहानपणात जितके आहे, त्याहून अधिक दुसऱ्या एका गोष्टीत आहे. तो दर सर्वांना ठाऊक होता. मजूर घरीच, बोटांवर मैल मोजून, आपल्याला काय पडेल ते सांगू शकत होता. आज गेला काय किंवा चार दिवसांनी गेला काय, गाडी भरलेली असो वा रिकामी, त्याचा दर बदलत नव्हता.

कंपन्यांनी हा कायदा खुशीने पाळला असे नाही. पुष्कळांनी ही गाडी भल्या पहाटे वा अशाच अडनिड वेळी सोडून कायद्याचे अक्षर तेवढे राखले. परंतु गरिबांची संख्या हीच त्यांची शक्ती ठरली. १८७२ साली मिडलंड रेल्वेने आपल्या सर्व गाड्यांना तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले आणि इतर कंपन्यांना हळूहळू तीच वाट धरावी लागली. पुढे १८८३ च्या स्वस्त गाड्यांच्या कायद्याने मैलास पेनी किंवा त्याहून कमी भाड्यावरील सरकारी कर काढून टाकला आणि त्या मोबदल्यात कामगारांसाठी सकाळ-संध्याकाळच्या स्वस्त गाड्या चालविण्याचे बंधन घातले. स्वस्त तिकीट ही कंपनीची मेहेरबानी न राहता लोकांचा हक्क बनत चालले होते.

दर ठरला तरी दुसरी एक अडचण होती. इंग्लंडात रेल्वे कंपन्या अनेक होत्या आणि लांबच्या प्रवासात उतारूला दोन-तीन कंपन्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागत. प्रत्येक हद्दीवर उतरून नवे तिकीट काढावे लागले असते, तर पेनीचा दरही महागच पडला असता. हा प्रश्न दोन साध्या युक्त्यांनी सुटला. न्यूकॅसल-कार्लाइल मार्गावरील थॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तराने १८३० नंतरच्या दशकात, अनुक्रमांक घातलेले, जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट काढले. त्यामुळे कोणत्या स्टेशनावर किती तिकिटे खपली याचा चोख हिशेब लागू लागला. मग १८४२ च्या आरंभी कंपन्यांनी लंडनमध्ये 'रेल्वे क्लिअरिंग हाऊस' ही संस्था स्थापन केली. उतारूने एकदाच एक तिकीट घ्यावे, वाटेल तितक्या कंपन्यांच्या रुळांवरून जावे, आणि पैशांची वाटणी कंपन्यांच्या कारकुनांनी मागाहून आपसांत करावी, अशी ती व्यवस्था होती. एका कंपनीची हद्द कोठे संपते व दुसरीची कोठे सुरू होते, हे जाणण्याची जबाबदारी उतारूवर राहिली नाही. एडमंडसनचे ते पुठ्ठ्याचे तिकीट आपल्याकडेही आले आणि कित्येक पिढ्यांनी ते हाताळले.

परदेशी प्रवाशाचा विचार या पायावरच पुढे उभा राहिला. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक यांनी लेस्टरहून लाफबरोला सुमारे पाचशे माणसांना एका शिलिंगात नेऊन आणले. एकदम पुष्कळ माणसे मिळतात म्हटल्यावर रेल्वे कंपनी दर उतरविते, हे त्यांनी ओळखले. पुढे त्यांच्या पेढीने युरोपातील निरनिराळ्या रेल्वेंची तिकिटे एका वहीत बांधून विकली. १८८१ साली तिची कचेरी मुंबईतही निघाली. तेव्हाच्या मुंबईकर प्रवाशापुढे विलायतेला जाण्याच्या दोन वाटा असत. आगबोट इटलीतील ब्रिंदिसी बंदरास लागली की तेथे उतरून आगगाडीने कॅलेपर्यंत जावयाचे, ही एक. १८९० पासून त्यासाठी 'पेनिन्सुलर एक्सप्रेस' नावाची खास गाडी आठवड्यातून एकदा धावत असे. दुसरी वाट म्हणजे बोटीतच बसून, जिब्राल्टरला वळसा घालून थेट इंग्लंड गाठावयाचे. पहिल्या वाटेने कित्येक दिवस वाचत, पण पदरचे पैसे जास्त जात. दुसरीत पैसे वाचत, दिवस जात. ज्याची थैली लहान तो बोटीतच राही. निवड कठीण असली तरी तिच्यात फसगत नव्हती, कारण दोन्ही वाटांचा खर्च मुंबईतच कळत असे.

विमाने आली तेव्हा आरंभी हीच परंपरा चालू राहिली. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरिअल एअरवेजने लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत विमानमार्ग सुरू केला. त्याचे भाडे १३० पौंड होते आणि प्रवास सात दिवसांचा होता. परंतु हा सारा प्रवास आकाशातून होत नसे. क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधील बाझेल, तेथून आगगाडीने आल्प्स पर्वत ओलांडून इटलीतील जेनोआ, आणि मग समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया, असा तो क्रम होता. पुढे काही वर्षे पॅरिस ते ब्रिंदिसी हा टप्पा आगगाडीचा होता. त्याच १९२९ सालच्या जुलैत अमेरिकेतही न्यूयॉर्कहून लॉस एंजल्सपर्यंत अठ्ठेचाळीस तासांचा असा प्रवास सुरू झाला, ज्यात उतारूने दिवसा विमानात बसावे व रात्री आगगाडीत झोपावे. विमानातून उतरून आगगाडी धरणे ही गोष्ट म्हणजे विमानयुगाच्या बाल्यापासूनची आहे. फरक इतकाच की, तेव्हा आगगाडीचे भाडे विमानाच्या तिकिटातच समाविष्ट असे. उतारूला ते शोधावे लागत नसे.

याचे सर्वांत सुबक उदाहरण लंडनच्या दक्षिणेस असलेल्या गॅटविकचे होय. १९३६ साली तेथे वर्तुळाकार विमानगृह बांधले गेले आणि भुयारी वाटेने ते रेल्वे स्टेशनास जोडले गेले. १७ मे १९३६ रोजी पॅरिसला निघालेल्या पहिल्या नियमित विमानाचे भाडे चार पौंड पाच शिलिंग होते, आणि त्यात लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनापासूनच्या आगगाडीचे पहिल्या वर्गाचे भाडे धरलेले होते. हे भाडे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते, हे खरे. विमान श्रीमंतांचेच होते. परंतु प्रवास अखंड होता. रूळ व आकाश यांच्यामधली शिवण उतारूच्या हाती आली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमान सामान्य माणसाकडे सरकू लागले. १९५२ साली अटलांटिकवर कमी दराचा 'टूरिस्ट' वर्ग सुरू झाला आणि अमेरिकेतून युरोपात येणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांच्यासाठी १९५९ साली तेरा देशांच्या रेल्वेंनी मिळून 'युरेलपास' काढला. एक रक्कम भरावी आणि ठरलेल्या मुदतीत हवे तितके हिंडावे, असा त्याचा प्रकार होता. मात्र तो युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीच होता. १९७२ साली युरोपातील तरुणांसाठी 'इंटररेल' आले. एकवीस देशांतून महिनाभर फिरण्याची ती मुभा आरंभी एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींनाच होती. जपानने परदेशी पाहुण्यांसाठी असाच पास १९८१ साली सुरू केला. पासाची ही कल्पना म्हणजे ग्लॅडस्टनच्या पेनीचेच नवे रूप होय: मोजणी मैलांऐवजी दिवसांची झाली, पण दर आधी ठाऊक असण्याचा गुण तोच राहिला. पण ज्याला फक्त विमानतळाहून एका गावी जावयाचे आहे, त्याच्या उपयोगी हा पास फारसा पडत नाही. तो भटकंती करणाऱ्यासाठी आहे.

मग मैलांची मोजणी गेली कोठे? ब्रिटिश रेल्वेने सरसकट मैलावारी दर १९६८ साली सोडून दिला आणि जेथे गिऱ्हाईक जास्त देऊ शकेल तेथे जास्त, जेथे मोटारीची स्पर्धा असेल तेथे कमी, असे धोरण धरले. पुढचा धडा मात्र रेल्वेने विमान कंपन्यांकडून घेतला. १९७७ साली अमेरिकन एअरलाइन्सने, पुष्कळ दिवस आधी तिकीट घेणाऱ्यास मोठी सूट देणारे भाडे काढले; १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा झाला. कोणत्या दिवशी, कोणत्या विमानात, किती जागा कोणत्या भावाने विकावयाच्या, हे संगणक ठरवू लागला. १९९३ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय रेल्वेने याच अमेरिकन एअरलाइन्सच्या 'सेबर' नामक यंत्रणेवरून तयार केलेली 'सोक्रात' ही तिकीटव्यवस्था आपल्याकडे आणली. तिकिटघरांपुढे रांगा लागल्या, चुकीची तिकिटे निघाली, वर्तमानपत्रांतून ओरड झाली. परंतु पद्धत टिकली. विमानातून उतरलेला उतारू ज्या गोंधळापासून सुटलो असे समजतो, तोच गोंधळ रुळांवर त्याच्या आधी येऊन बसलेला असतो.

त्याच १९९३ साली ब्रिटनमध्ये रेल्वेच्या खाजगीकरणाचा कायदा झाला आणि पुढे गाड्या अनेक कंपन्यांकडे गेल्या. लांबच्या प्रवासाची तिकिटे आता तेथे स्थूलमानाने दोन जातींची आहेत. एक, आधी घेतलेले तिकीट: ते पुष्कळदा फार स्वस्त असते, परंतु ते एकाच ठराविक गाडीपुरते चालते. दुसरे, त्याच दिवशी खिडकीवर मिळणारे: ते बरेच महाग असते, पण त्यात वेळेची मोकळीक असते. विमानाच्या उतारूची कोंडी येथेच होते. स्वस्त तिकीट आधी घ्यावे, तर विमान वेळेवर येईल, पासपोर्टची रांग लहान असेल आणि सामान लवकर मिळेल, या तिन्ही गोष्टी गृहीत धराव्या लागतात. त्यांतील एक चुकली तर गाडी जाते आणि तिच्याबरोबर तिकिटाचे पैसेही जातात. एका गाडीला उशीर होऊन पुढची चुकली तर रेल्वे ती जबाबदारी आपली मानते. विमानाचा उशीर मात्र ती आपला मानीत नाही. जुन्या काळी मिटविलेली शिवण अशा रीतीने पुन्हा उसवली, आणि ती नेमकी सर्वांत थकलेल्या माणसाच्या हातात आली.

दुसरे नवल याहून मोठे आहे. ब्रिटनमध्ये कित्येक मार्गांवर मुक्कामापर्यंतचे एक तिकीट घेण्यापेक्षा, वाटेतल्या एखाद्या स्टेशनापर्यंत एक व तेथून पुढे दुसरे, अशी दोन तिकिटे घेतली तर ती मिळून स्वस्त पडतात. गाडी त्या स्टेशनावर थांबत असली म्हणजे झाले. उतारूला जागचे हलावेही लागत नाही. नियमांस ते मान्य आहे. ज्या देशाने १८४२ साली अनेक तुकड्यांचे एक तिकीट करून जगाला दाखविले, त्याच देशात आज एका तिकिटाचे तुकडे करणारा शहाणा ठरतो. विमानतळांवरही हीच तऱ्हा आहे. हीथ्रो विमानतळास लंडनची भुयारी रेल्वे १९७७ साली पोहोचली, 'हीथ्रो एक्सप्रेस' १९९८ साली आणि 'एलिझाबेथ लाइन' २०२२ साली. शेवटच्या दोन्ही गाड्या विमानतळापासून पॅडिंग्टनपर्यंत बहुतांशी त्याच रुळांवरून धावतात. फरक थोड्या मिनिटांचा असतो, भाड्यात मात्र तो ठळक असतो. सर्वांत स्वस्त पडते ती संथ भुयारी गाडी. गॅटविकलाही झळकत्या नावाच्या गाडीच्याच रुळांवरून साधी गाडी कमी भाड्यात लंडनला जाते. जाणत्याला हे ठाऊक असते. नवख्याला भिंतीवरची मोठी जाहिरातच आधी दिसते.

याचा अर्थ जुने सारे चांगले व नवे सारे वाईट, असा मात्र नव्हे. रिकामी जाणारी बाके स्वस्तात विकण्याने आज कित्येक विद्यार्थी व पेन्शनर असा प्रवास करतात, जो त्यांना एकाच ठरीव दराने परवडला नसता. आधी घेतलेले तिकीट जेव्हा स्वस्त असते, तेव्हा एका दिवसाच्या मजुरीच्या लहानशा भागात ते शंभर मैल नेते. १८४४ च्या मजुराला त्यासाठी आठवडा राबावे लागे. तेव्हा स्वस्ताई हरपली, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. हरपली ती खात्री. पेनीच्या काळी सवलत गरिबाला मिळे. आता ती ज्याला आपला दिवस व घटका आधी ठरविता येते, त्याला मिळते. आजाऱ्याकडे धावत निघालेला मनुष्य आणि उशिरा उतरलेल्या विमानातील परदेशी विद्यार्थी हे दोघेही मग महागड्या खिडकीपाशी येऊन उभे राहतात.

युरोपातील काही देशांनी ही खात्री पुन्हा मिळविण्याचे यत्न केले आहेत. जर्मनीत विमानाच्या तिकिटालाच आगगाडीचे तिकीट जोडून देण्याची सोय पुष्कळ विमान कंपन्यांकडे असते. ते एका गाडीला बांधलेले नसते, म्हणून विमान उशिरा आले तरी वाया जात नाही. त्याच देशाने २०२२ च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत, महिन्याला अवघ्या नऊ युरोंत देशभरच्या सर्व स्थानिक व प्रादेशिक गाड्यांतून फिरण्याचे तिकीट दिले. मे २०२३ पासून त्याची कायमची आवृत्ती ४९ युरोंना निघाली. पुढे २०२५ च्या आरंभी तिचा दर ५८ युरो झाला. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत ती चालत नाही, तरी तिचा दर शाळकरी मुलालाही सांगता येतो. स्वित्झर्लंडमध्ये साधे तिकीट अजून मुख्यतः अंतरावर ठरते आणि दिवसभरात कोणत्याही गाडीला चालते. लक्झेंबर्गने तर २०२० साली सार्वजनिक वाहनांतील सामान्य वर्गाचे भाडेच काढून टाकले.

ज्यांच्या घरचे कोणी उद्या परदेशी निघणार असेल, त्यांना या इतिहासातून घेण्यासारखे थोडे व्यावहारिक शहाणपणही आहे. विमानाचे तिकीट काढतानाच पुढच्या आगगाडीची चौकशी करावी, आणि दोन्ही एकत्र मिळत असतील तर तसेच घ्यावे. वेगळेच घ्यावे लागले तर एका गाडीला बांधलेले तिकीट घेताना मध्ये चांगले तीन-चार तास सोडावेत, अथवा थोडे अधिक देऊन वेळेची मोकळीक विकत घ्यावी. विमानतळावर मोठ्या नावाच्या गाडीआधी साधी गाडी शोधावी. ही सावधगिरी ज्याने त्याने घ्यावीच. परंतु शेवटचा बोध उतारूला नसून राज्यकर्त्यांना आहे. १८४४ साली पार्लमेंटने पाहिले ते एवढेच, की दर अशा माणसाला समजला पाहिजे, ज्याला विचारावयास कोणी नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, रात्रीच्या वेळी सामान घेऊन उभा असलेला उतारू हाच तो मनुष्य होय. आणि एखाद्या रेल्वेची लोकसेवा मोजावयाची असेल तर ती त्याच्या हातातील तिकिटावरून मोजावी.